दम म्हणजे किती

यंत्र आलं त्या दिवशी प्रयोगशाळेच्या कल्चर रूमचं दार चौकटीसकट काढावं लागलं. सव्वीस वर्षं त्या दारातून माणसं, ट्रे, बर्फाच्या बादल्या आणि अधूनमधून बाईंचा राग एवढंच आत गेलं होतं. चार हमाल, दोन इलेक्ट्रिशियन आणि कंपनीने पाठवलेला चष्मेवाला इंजिनिअर अशा लवाजम्यासकट यंत्र आत आलं. त्याच्यासाठी वेगळा एसी, वेगळी वीज, पायाखाली रबराची चटई. जुना पंखा बंद करायचा, दार आपटायचं नाही, त्याच्या आसपास चहा न्यायचा नाही. हे लाड बघून काचसामान धुणारी म्हणाली, "एवढी बडदास्त? जावई आलाय का?" तेव्हापासून यंत्राचं नाव जावई पडलं ते पडलंच. पुढे पुढे इंजिनिअरसुद्धा फोनवर वरिष्ठांना सांगताना "जावई आज नीट चालतोय" असं बोलून जायचा आणि जीभ चावायचा.

ताई तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती.

ताई म्हणजे कल्चर रूमची टेक्निशियन. वय चोपन्न, शिक्षण डिप्लोमा. ताई हे काही तिचं नाव नव्हतं, पण संस्थेत निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कपासून काल आलेल्या विद्यार्थिनीपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं, आणि शोधनिबंधांच्या शेवटी. शेवटी म्हणजे अगदी शेवटी, संदर्भांच्या यादीच्या जरा वर, बारीक टायपात: तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. असे एकतीस निबंध झाले होते. त्यातल्या दोन निबंधांत आडनाव चुकलं होतं.

या खोलीत वाढायचे ते मणी. कागदोपत्री त्यांना ऑर्गनॉइड म्हणत, पण तो शब्द दिवसातून पन्नास वेळा कोण उच्चारणार? हॉस्पिटलात कुणाच्या यकृतातली गाठ काढली की तिचा तांदळाएवढा तुकडा बर्फातून इकडे यायचा. ताई त्यातल्या पेशी सुट्या करायची, थंड जेलमध्ये मिसळायची आणि थेंब थेंब बशीत लावायची. गरम झालं की जेल घट्ट होतं. आठवड्याभरात त्यात पोकळ, चकचकीत गोळे वाढायचे. मग त्या मण्यांवर वेगवेगळी औषधं घालून बघायचं, कुठलं लागू पडतं ते. चुकायचं ते मण्यांवर चुकायचं, म्हणजे माणूस वाचतो.

मणी दाट झाले की आतून काळे पडायला लागतात. म्हणून दर आठवड्याला ते जेलमधून काढायचे, बारीक तोंडाच्या पिपेटमधून वर-खाली ओढून फोडायचे आणि नव्या जेलमध्ये लावायचे. इथवर कुणालाही शिकवता येतं. घोडं अडतं ते मधल्या एका पायरीवर. फोडलेले मणी नळीत भरून नळी बर्फात उभी केली की जिवंत तुकडे हळूहळू तळाला बसतात आणि मेलेल्या पेशींचा गढूळपणा वर तरंगत राहतो. तो अलगद काढून टाकायचा. घाई केली तर चांगले तुकडेही त्याच्याबरोबर वाया जातात. उशीर केला तर मेलेल्या पेशीही खाली उतरतात, चिकटतात आणि जिवंतांना घेऊन बुडतात. या पायरीसाठी ताईच्या रजिस्टरमध्ये एकच शब्द होता: दम.

फार पूर्वी एका उतावळ्या विद्यार्थ्याच्या हातून नळी काढून घेताना ती म्हणाली होती, "अरे, जरा दम धर की." तिथून तो शब्द रजिस्टरात आला आणि तिथेच राहिला. त्यावर विनोदही झाले. सकाळी कुणाचं तोंड पडलेलं दिसलं की बाकीचे विचारायचे, ताईंनी दम दिला तो नळीला की तुला?

बाई या प्रयोगशाळेच्या प्रमुख. ताईच्याच वयाच्या, पण आल्या तिच्यानंतर पाच वर्षांनी, मोठी पदवी घेऊन. पहिल्या वर्षी त्यांचा हात थरथरायचा. लावलेल्या पेशी तिसऱ्या दिवशी मरायच्या आणि बाई स्टोअररूममध्ये जाऊन रडायच्या. ताईने त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना पिपेट धरायला शिकवलं होतं. तेव्हा दोघी एकाच बाकावर डबा खायच्या आणि एकमेकींना अगं-तुगं करायच्या. मग बाईंना केबिन मिळाली, दारावर पाटी लागली, आणि एक दिवस ताईच्या तोंडून आपोआप "तुम्ही" निघालं. बाईंनी वर बघितलं. "अगं, हे काय?" असं म्हणतील, असं ताईला वाटलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्याला पंधरा वर्षं झाली. बाई तिला अजून "तू" म्हणत.

जावई आला त्या आठवड्यात बाई स्वतः कल्चर रूममध्ये आल्या, ताईच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, याला तूच शिकवायचं. हातांनी मणी वाढवणं किती दिवस चालणार? एका वेळी आठ रुग्ण. याच्याकडून ऐंशी होतील. तुझे हात याच्यात उतरले पाहिजेत.

"आणि या वेळी आभारांत नाही हं," त्या उठता उठता म्हणाल्या. "लेखकांत. तुझं नाव वर असेल."

ताईने हे कधी मागितलं नव्हतं. मागावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. पण कुणी देतो म्हटलं की ती गोष्ट आपल्याकडे नाही हे माणसाला कळतं. त्या दिवसापासून तिला ते नाव हवं झालं. इतकं, की ते आपलं आपल्यालाच विचित्र वाटे.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं आणि घरभर तेलाचा वास. त्याने मान वर न करता म्हटलं, "शिवण शिकवणारीचं नाव कधी मशीनवर बघितलंयस? कंपनीचं असतं. सोनेरी अक्षरांत."

"हे मशीनवर नाही, निबंधावर."

"बरं. मग माहेरचं घालणार की सासरचं?"

ती म्हणाली, बघू. पण दुसऱ्या दिवशी डबा भरताना त्याने पुन्हा विचारलं, काय ठरलं म्हणून. म्हणजे त्यालाही हवं होतं.

मग आठ महिने शिकवणी चालली. ताईच्या डोक्यावर कॅमेरा, मनगटावर पट्टा. ती पिपेट किती कोनात धरते, अंगठा किती जोराने दाबते, बशी ठेवताना मनगट कुठे वळतं, सगळं इंजिनिअर मोजायचा. मुलगा सालस होता. काहीही विचारण्याआधी "ताई, एक मिनिट हं," म्हणायचा. सव्वीस वर्षांत तिच्या हातांकडे कुणी एवढं बघितलं नव्हतं. काचसामानवाली चिडवायची, अहो, लग्नातसुद्धा एवढे फोटो नसतील काढले तुमचे. जावई एकेक शिकत गेला. फोडणं जमलं, जेल मिसळणं जमलं, थेंब तर तो ताईपेक्षाही सारखे लावायला लागला. राहिला फक्त दम.

इंजिनिअरने घड्याळ लावून बासष्ट वेळा ताईचा दम मोजला. सगळ्यांत कमी तीन मिनिटं दहा सेकंद, सगळ्यांत जास्त नऊ मिनिटं चाळीस. त्याने सरासरी काढली, पाच मिनिटं पन्नास सेकंद, आणि जावयाला सांगितलं, इतकं थांब. जावई सेकंदावर थांबला. चौथ्या दिवशी बशीतले मणी काळे. पुन्हा केलं, पुन्हा काळे. चार खेपा गेल्या.

"ताई, दम म्हणजे किती?"

"लागेल तेवढा."

"पण लागला हे कसं कळतं तुम्हाला?"

"दिसतं ना."

"काय दिसतं?"

ताईने नळी उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरली, पण काय बघ म्हणायचं ते तिलाच ठाऊक नव्हतं.

बाईंना वाटलं ती हातचं राखून ठेवते आहे. तसं त्या बोलल्याही, दारात उभ्या राहून, काचसामानवालीच्या देखत: तू काहीतरी सांगत नाहीयेस. ताईला ते लागलं. मुद्दाम लपवणारी आपण नव्हे, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं?

उत्तर सापडलं ते एका खराब झालेल्या खेपेमुळे. त्या सोमवारी वार्षिक तपासणीसाठी सगळी रजिस्टरं ऑफिसात नेली होती. ताईने नोंदी कोऱ्या कागदावर करायचं ठरवलं, मणी फोडले, नळी बर्फात ठेवली, नेहमीसारखी उचलून बघितली. काही कळेना. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी अंदाजाने वरचं पाणी काढलं, आणि चौथ्या दिवशी तिने स्वतः लावलेले मणी काळे पडले. तिच्या हातून असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

ती दुपारभर स्टुलावर बसून राहिली. त्या दिवशी काय वेगळं होतं? बर्फ तोच, नळ्या त्याच, जेलचा डबाही तोच. मग तिने ऑफिसातून आपलं रजिस्टर परत मागून आणलं, बाकावर उघडलं, नवे मणी फोडून बर्फात ठेवलेली नळी उचलली, ॲप्रनच्या टोकाने पुसली आणि डोळ्यांसमोर धरली. नळीच्या मागे रजिस्टरचं पान होतं. पानावर निळी रेघ. गढूळ पाण्यातून ती केसाळ दिसत होती, लोकरीच्या धाग्यासारखी. थोड्या वेळाने रेघ दुहेरी झाली. आणखी थोड्या वेळाने नळीच्या वरच्या दोन बोटं उंचीत एकेरी, स्वच्छ, धारदार.

सव्वीस वर्षं ती रेघ वाचत होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

तिने लगेच कुणाला सांगितलं नाही. शास्त्राच्या खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळत होतं की वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. तीन शनिवार सुट्टीच्या दिवशी येऊन तिने चाळीस नळ्या लावल्या. दहा रेघ केसाळ असताना रिकाम्या केल्या, दहा दुहेरी असताना, दहा एकेरी झाल्या झाल्या, दहा त्यानंतर दोन मिनिटांनी. चौथ्या दिवशी प्रत्येकीतले जिवंत मणी मोजले. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तारखा घातल्या आणि आलेख काढला. आलेखाला एकच शिखर होतं, आणि ते एकेरी रेघेवर होतं.

सोमवारी तिने ते पान इंजिनिअरसमोर ठेवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, ताई, हे तर कॅमेऱ्याला दिसेल. नळीमागे रेघ, समोर कॅमेरा. रेघ एकेरी झाली की हात खाली. आठ दिवसांत त्याने ते बसवलं. पहिल्या दिवशी जावई गोंधळला, कारण थंड नळीवर वाफ धरत होती. ताई म्हणाली, अरे, पुसायला नको का? मग त्याने कोरड्या हवेची एक बारीक नळी लावली. त्या खेपेला शंभरातले ब्याण्णव मणी जगले. ताईचे अठ्ठ्याऐंशी जगत.

आता जावयाला एकच गोष्ट जमत नव्हती. तुकडा फारच लहान असला, मोहरीएवढा, तर त्याच्या नळीत तो हरवून जाई. असले तुकडे ताईकडे यायचे. जावयाला एवढंसं वाढलेलं चालत नाही, असं ती म्हणायची.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या समितीसमोर सादरीकरण झालं. ताई शेवटच्या रांगेत बसली होती. इंजिनिअरने यंत्राच्या फाइलमध्ये त्या पायरीला रजिस्टरातलाच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला होता: डी, ए, एम. पडद्यावर ती तीन मोठी अक्षरं आली तेव्हा समितीतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी विचारलं, हे डॅम कशाचं लघुरूप? इंजिनिअर घुटमळला. बाई घुटमळल्या नाहीत. "डायनॅमिक अ‍ॅग्रिगेट मॉनिटरिंग," त्या म्हणाल्या, इतक्या सहज, की जणू त्या पायरीचं नाव पहिल्यापासून तेच होतं. गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

ताईला हसू आलं. बाहेर आल्यावर तिने बाईंना विचारलंही, हे कुठून काढलंत म्हणून. बाईही हसल्या. म्हणाल्या, अगं, बाहेरच्या लोकांना दम काय कळणार? ताईला ते पटलं. निदान तेव्हा पटलं.

निबंध लिहून झाला. लेखकांची यादी पाठवायच्या आदल्या दिवशी बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. यंत्राबद्दलचं सगळं बोलणं आजवर कल्चर रूममधल्या स्टुलांवर झालं होतं, त्यामुळे केबिन म्हटल्यावर ताईने ॲप्रन काढून खुंटीला लावला. इंजिनिअर आधीच तिथे होता, खुर्चीच्या कडेवर बसलेला.

बाईंनी आधी चहा मागवला. मग सांगायला लागल्या. यंत्राच्या या भागाचं पेटंट मागितलं आहे, अर्ज तीन महिन्यांपूर्वी गेला. शोध कुणाचा, या रकान्यात दोन नावं आहेत, बाईंचं आणि इंजिनिअरचं. अर्जाचा गाभा म्हणजे नळीमागची रेघ आणि समोरचा कॅमेरा. आता निबंध छापणाऱ्यांचा नियम असा, की प्रत्येक लेखकाच्या नावापुढे त्याचा विचारांतला वाटा लिहायचा.

"तुझ्या नावापुढे काय लिहू, सांग."

"रेघ," ताई म्हणाली.

"तेच तर लिहिता येत नाही. रेघ लिहिली की अर्जावर प्रश्न उभा राहतो, तिसरं नाव का नाही म्हणून. सगळंच रद्द होईल. आणि रेघ सोडली तर उरतात हात. हातांना कुणी लेखक म्हणत नाही गं."

"अर्जात माझं नाव का नव्हतं?"

"तेव्हा घाई होती," बाई म्हणाल्या. "कंपनीचे लोक बसले होते समोर."

इंजिनिअर म्हणाला, "ताई, मी त्या वेळी म्हटलं होतं..." आणि बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितल्यावर त्याने चहाचा कप उचलला. म्हटलं असेल, ताईच्या मनात आलं. हळू म्हटलं असेल.

तिला एकच गोष्ट नीट समजून घ्यायची होती. तिने विचारलं, "मी नुसत्या नळ्या धुतल्या असत्या, तर घालता आलं असतं का नाव?"

बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "तसं असतं तर काहीही लिहून घातलं असतं. रेघेचा प्रश्नच आला नसता."

म्हणजे काम कमी पडलं म्हणून नाव गेलं नव्हतं. जास्त झालं म्हणून गेलं होतं. ताईने चहा संपवला, कारण तो समोर होता. बाई सांगत होत्या की आभारांत या वेळी स्वतंत्र वाक्य घालू, पूर्ण वाक्य, आणि आडनाव मी स्वतः तपासीन.

घरी नवऱ्याने या वेळी विनोद केला नाही. हातातला स्क्रू तबकडीत ठेवून त्याने विचारलं, कागद आहे ना तुझ्याकडे? तारखा आहेत? ती म्हणाली, आहेत, रजिस्टरात. मग जा वर, संचालकांकडे, तो म्हणाला. एवढं लिहिलेलं आहे तर घाबरायचं कशाला? ती घाबरत नव्हती. ती हिशेब मांडत होती, एरवी प्रयोगाचा मांडते तसा. वर गेलं तर अर्ज अडकणार. अर्ज अडकला तर कंपनी जावयाला उचलून नेणार. जावई गेला तर ऐंशीचे पुन्हा आठ. हॉस्पिटलच्या नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात, पण त्या आकड्यांना माणसं असतात हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तेच बाईंनाही ठाऊक होतं. ताई वर जाणार नाही, हे बाईंनी तिच्या आधी मोजून ठेवलं असणार. एकवीस वर्षं त्याही हिच्याकडे बघतच होत्या.

निबंध छापून आला. आभारांत स्वतंत्र वाक्य होतं. आडनाव बरोबर होतं. हेडक्लार्क निरोप घेऊन आला की कल्चर रूमची जुनी रजिस्टरं आता बाईंच्या केबिनमधल्या कपाटात ठेवायची आहेत, सुरक्षित राहावीत म्हणून. ताईने बाकीची सगळी दिली. ज्याच्या शेवटच्या पानावर आलेख होता तेवढं एक ठेवून घेतलं. म्हणाली, अजून चालू आहे.

मग दुसऱ्या प्रयोगशाळांतले सहाजण जावई चालवायला शिकायला आले. कल्चर रूममध्ये दाटी झाली. इंजिनिअर एकेक पायरी दाखवत होता, बाई मधूनमधून भर घालत होत्या, ताई बर्फ आणि नळ्या पुरवत होती. डॅमची पायरी आली. जावयाने नळी उचलली, हवेने पुसली, रेघेसमोर धरली. सगळे पडद्यावरची रेघ केसाळची दुहेरी, दुहेरीची एकेरी होताना बघत राहिले. त्यांतली एक मुलगी, हसतमुख, हुशार डोळ्यांची, एकदम म्हणाली, "अरे, डॅम म्हणजे दम! थांबायचीच पायरी आहे ना ही? काय मस्त योगायोग आहे."

सगळे हसले. बाईही हसल्या. इंजिनिअर यंत्राची तार सारखी करायला वाकला. मुलगी कौतुकाने ताईकडे वळली, आपला विनोद हिला कळला का बघायला.

"हो ना," ताई म्हणाली. "योगायोगच."

दुपारी पाहुणे जेवायला गेल्यावर तिने रजिस्टर काखेत धरलं आणि केबिनच्या दारावर टकटक न करता आत गेली. बाई डबा उघडून बसल्या होत्या.

"तू हे वाईट केलंस," ताई म्हणाली.

बाईंचा घास हातातच राहिला. त्या वाक्यातला कुठला शब्द त्यांना आधी ऐकू आला हे सांगता येत नाही, पण बहुधा पहिलाच असावा. पंधरा वर्षांनी ऐकत होत्या.

"तू वाईट केलंस, आणि तुला ते माहीत आहे. मी वर जाणार नाही, हेही तुला माहीत आहे. पण हे कपाटात मी ठेवणार नाही. तूच ठेव." तिने रजिस्टर शेवटच्या पानावर उघडून डब्याशेजारी ठेवलं. "बघून ठेव."

बाईने बघितलं. चाळीस नळ्या, चार रांगा, तीन शनिवारांच्या तारखा, आणि खाली आलेख. ती शास्त्रज्ञ होती. पान वाचायला तिला पाव मिनिट पुरलं असेल, पण ती बराच वेळ बघत राहिली. तिचं बोट एकेका तारखेवरून सरकत होतं. क्षणभर ताईला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. स्टोअररूममधली ती मुलगी बोलेल.

बाईने रजिस्टर मिटलं. खणात ठेवलं. खण लावला.

"आभारी आहे मी तुझी," ती म्हणाली.

ताईने मान हलवली. तो शब्द तिच्या ओळखीचा होता. आजवर बत्तीस वेळा छापून आला होता.

ती कल्चर रूममध्ये परत आली. एसी गुणगुणत होता, जावई स्वस्थ उभा होता. बाकावर मोहरीएवढ्या तुकड्याची बशी वाट बघत होती. हा तुकडा मागच्या आठवड्यात हॉस्पिटलातून आला होता, त्याचे मणी आज फोडायचे होते. तिने हातमोजे घातले, मणी फोडले, नळी बर्फात ठेवली. थोड्या वेळाने उचलली, पुसली आणि डोळ्यांसमोर धरली. मागे रजिस्टर नव्हतं. पांढरी भिंत होती, आणि पांढऱ्या भिंतीवर काहीच दिसत नव्हतं.

जावयाच्या पोटात रेघ होती. यंत्राचं दार उघडून नळी तिथे धरता आली असती.

तिने नळी पुन्हा बर्फात ठेवली, खिशातलं निळं पेन काढलं, हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर पट्टीशिवाय एक रेघ ओढली. जराशी वाकडी आली. चालणार होतं. झाकण भिंतीला टेकवून ती स्टुलावर बसली.